वाचक वाचत नाही, हे कोणी ठरवले?

वेबसाइटची मांडणी कशी असावी यासंबंधी गेल्या तीस वर्षांत जे शास्त्र उभे राहिले, त्याच्या पायाशी एक गृहीतक आहे : वाचक वाचत नाही, तो केवळ नजर फिरवतो. हे गृहीतक आता मराठीच्या वर्गापर्यंत येऊन पोहोचले आहे. 'मुले हल्ली सलग वाचत नाहीत, तेव्हा प्रकरणाचे मुद्दे पाडून द्या', असे साहित्याचे अध्यापकच म्हणू लागले आहेत. आमचा आक्षेप या शरणागतीला आहे.

मुळात हे एक निरीक्षण होते. याकोब नील्सन यांनी १९९७ मध्ये नोंदवले की, चाचणीत भाग घेणाऱ्यांपैकी ७९ टक्के लोक नवे पान केवळ चाळतात. शब्दन् शब्द वाचणारे १६ टक्केच. निरीक्षण खरे असेल. परंतु त्यावरून निघालेला उपदेश (मजकूर निम्मा करा, ठळक शब्द पेरा, मुद्द्यांच्या याद्या द्या) त्या निरीक्षणाची आज्ञा करून टाकतो. मग चाळण्यासाठीच रचलेली पाने वाचक चाळतो आणि ते चाळणे पुन्हा वाचकस्वभावाचा पुरावा ठरते. आपल्या न्यायशास्त्रात या दोषाला अन्योन्याश्रय म्हणतात.

स्वभाव म्हणून सांगितलेली गोष्ट किती टिकते, हे याच शास्त्राच्या इतिहासात पाहावे. १९९६ मध्ये नील्सन लांब पानांची गणना मोठ्या चुकांत करीत होते. पडद्यावर दिसते त्याच्या खाली जाणारे केवळ १० टक्के, असे त्यांचे म्हणणे होते. १९९७ संपेपर्यंत त्यांनीच तो आग्रह सैल केला. २००६ मध्ये एझा रॅस्किन यांनी न संपणाऱ्या पानाची रचना केली आणि पुढे तिच्याविषयी जाहीर खेदही व्यक्त केला. जो वाचक खाली जातच नव्हता, तो आता थांबेना! मग यातला स्वभाव कोणता आणि लावलेली सवय कोणती?

सुलभतेला आमचा विरोध नाही. २००० च्या सुमारास मराठी वृत्तपत्रांच्या वेबसाइटी आपापले फाँट वापरीत; तो फाँट संगणकावर नसला की पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटत. युनिकोडने ही अडचण दूर केली, हे वाचकावर उपकारच झाले. स्टीव्ह क्रुग यांच्या २००० मधील पुस्तकाचे नावच 'डोन्ट मेक मी थिंक' असे आहे. कोठे क्लिक करावे याचा विचार करावा लागू नये, एवढ्यापुरते ते आम्हांस सर्वस्वी मान्य आहे.

परंतु अक्षरापर्यंत पोहोचण्यातला अडथळा वेगळा आणि अर्थापर्यंत पोहोचण्याचे कष्ट वेगळे. पहिला दूर करणे हे रचनाकाराचे कर्तव्य आहे. दुसरे वाचवू गेल्यास वाचनच उरत नाही. 'लीळाचरित्रा'तील एखादी लीळा मुद्द्यांत मांडून पाहावी : बोध तेवढा हाती लागतो, प्रसंग, स्वर आणि बोलणारी माणसे गळून पडतात. दुकानाच्या पानावर ग्राहक अडखळू नये हे योग्यच. पण काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने कधी अडखळूच नये काय?

म्हणून पडद्यावर वाचायचे पाठ्यसाहित्य तयार करणाऱ्या अध्यापकांना आमचे एवढेच सांगणे आहे : अक्षर मोठे ठेवावे, ओळ आखूड ठेवावी, समास भरपूर सोडावा; परिच्छेद मात्र अखंड ठेवावा.