उद्यानातली छत्री ताटात नको

पावसाळ्यात बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या हिरवळीवर पांढरी छत्री दिसली की नोकरीनिमित्त इथे स्थायिक झालेल्या कोकण-गोव्याकडच्या माणसाला अळंबीची आठवण होणारच. ही छत्री डोळे भरून पाहावी, पण वेचून घरी नेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. अळंबीची पारख माणसासोबत गाव सोडून येत नाही. कोकणातली अळंबी काय किंवा विदर्भातल्या सात्या काय, त्या वारुळाच्या आधाराने वाढतात. वाळवी पालापाचोळा आणि मेलेले लाकूड चावून वारुळाच्या पोटात बुरशी पोसते आणि पाऊस मुरला की तिथूनच छत्री वर येते. म्हणून तिचा देठ मुळासारखा जमिनीत खोल गेलेला असतो. कुठले वारूळ कधी फुटते, हे वेचणाऱ्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते. म्हणजे निम्मी ओळख छत्रीची, तर निम्मी जागेची.

शहरातल्या उद्यानात ही जागेची ओळख उरत नाही. माती कुठून तरी आणलेली, लॉन अंथरलेले. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस नावाची विषारी छत्री जगभरच्या उष्ण प्रदेशांत अशाच हिरवळीवर उगवते. पांढरी टोपी, तीवर तपकिरी खवले, देठाला कडे. टोपीखालच्या पापुद्र्यांवर हिरवट झाक येते ती छत्री जून झाल्यावर; कोवळेपणी ते पांढरेच असतात, आणि खाणाऱ्याला हवी असते ती कोवळीच. ती पोटात गेली की काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. जागा बदलल्यावर जाणकारही फसतात. कॅनबेरात २०११ सालच्या अखेरीस एका चिनी आचाऱ्याने ‘डेथ कॅप’ छत्री आपल्याकडची भाताच्या पेंढ्यावरची अळंबी समजून रांधली. तो आणि त्याचा एक सहकारी, दोघेही दगावले. ही छत्री ओकच्या मुळांशी वाढते आणि युरोपातून आणलेल्या झाडांबरोबरच ऑस्ट्रेलियात पोचली आहे.

मोबाइलवरचे अ‍ॅप नाव सांगते, मग भीती कसली, असे कोणी म्हणेल. पण अ‍ॅप पाहते ते चित्र. देठ मातीत किती खोल आहे, बीजाणूंचा रंग कोणता, हे फोटोत येत नाही. चांदीचा चमचा काळा पडतो का पाहणे किंवा किड्यांनी खाल्लेली छत्री निर्धोक मानणे, हे ठोकताळेही खोटे आहेत. डेथ कॅपमधले विष उकळून जात नाही आणि त्याची लक्षणे बहुधा ६ ते १२ तासांनी दिसतात. तोवर यकृताला इजा सुरू झालेली असते.

अशा सावधगिरीने शहरी माणूस निसर्गापासून आणखी तुटेल, हा आक्षेप मात्र मला महत्त्वाचा वाटतो. तरीही निसर्गाशी नाते जुळायला तो खाल्लाच पाहिजे असे नाही. चवीसाठी लागवडीची धिंगरी अळंबी आहेच. हेसरघट्टा येथील भारतीय बागायती संशोधन संस्था तिचे बियाणे आणि लागवडीचे प्रशिक्षण देते. उद्यानातल्या बुरशीकडून शिकण्यासारखे निराळेच काही आहे. रस्त्याकडेच्या झाडाच्या बुंध्याशी गॅनोडर्मा या बुरशीची लाकडासारखी टणक, तपकिरी, चकाकणारी कड दिसली, तर मुळे किंवा गाभा आतून कुजत असण्याची शक्यता मोठी. पदपथाच्या काँक्रीटने गळ्यापर्यंत आवळलेल्या, गटारांसाठी मुळे तोडलेल्या झाडांच्या शहरात हा इशारा मोलाचा आहे. ती कड तोडून टाकल्याने झाड बरे होत नाही, उलट खूणच नाहीशी होते. तिचा फोटो काढून पालिकेच्या वन विभागाकडे तक्रार करावी आणि वळवाच्या पावसाआधी झाडाची तपासणी होईपर्यंत पाठपुरावा करावा.