जुनी डिझेल गाडी आणि आपला माणूस

मागच्या महिन्यात शाळेतला एक तरुण सहकारी मला म्हणाला, "सर, तुमच्यासारखी जुनी डिझेल गाडी घ्यावी म्हणतो. तीन लाख जमवलेत." मी विचारलं, "रोज किती किलोमीटर चालवणार?" म्हणाला, "घर ते शाळा चार, आणि परत चार." मी म्हटलं, "मग घेऊ नकोस." तो जरा नाराज झाला. स्वतः दहा वर्षं जुनी डिझेल गाडी चालवणारा माणूस दुसऱ्याला नको म्हणतो, हे त्याला पटेना. म्हणून हा लेख.

मी चिपळूणला राहतो. शाळा गुहागरच्या बाजूला. जाऊन-येऊन साठ किलोमीटर. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर पंधराशे किलोमीटर झाले. पेट्रोल 104 रुपये आणि डिझेल 91 रुपये लिटर धरा. लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीला महिन्याला 10,400 रुपये लागतील. वीस देणाऱ्या डिझेल गाडीला 6,825. साडेतीन हजारांहून जास्त वाचतात. माझ्या सहकाऱ्याचे महिन्याला दोनशेच किलोमीटर होतात. त्याचे पाचशे रुपयेसुद्धा वाचणार नाहीत. उलट एखादा इंजेक्टर गेला की वर्षभराची बचत एका दुपारी गॅरेजमध्ये जमा. शिवाय डिझेल इंजिनाला तापायला वेळ लागतो, चार किलोमीटरमध्ये ते धड तापतही नाही. 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला लांबचा, सलग प्रवास लागतो. गावातल्या गावात फिरणाऱ्याचा तो तुंबतो आणि खर्च मोठा येतो.

म्हणजे पहिला प्रश्न 'कोणती गाडी' हा नाही, 'किती चालवणार' हा आहे. उत्तर महिन्याला हजार किलोमीटरच्या पुढे असेल तरच पुढचं वाचा.

आता गाडी कोणती? ज्या गाड्यांनी वर्षानुवर्षं टॅक्सीचं काम केलं, त्यांच्यातली. त्यांचे पार्ट तालुक्याच्या गावीही मिळतात आणि मिस्त्रीचे हात त्यांच्यावर बसलेले असतात. स्विफ्ट डिझायरचं 1248 सीसीचं डिझेल इंजिन मूळ फियाटचं. तेच इंजिन इंडिका व्हिस्टा, मांझा, पुंटो, लिनिया यांतही आलं. मारुतीने एप्रिल 2020 पासून डिझेल गाड्या बंद केल्या, पण पार्टची ददात नाही. टोयोटा इटिऑसचं 1364 सीसीचं इंजिन ताकदीने साधं, पण सोसणारं. या दोन्ही इंजिनांना टायमिंग चेन आहे. लोगन-व्हेरिटोच्या दीड लिटर इंजिनाला बेल्ट आहे. ते इंजिनही चांगलं, पण बेल्ट कधी बदलला याची पावती बघितल्याशिवाय हो म्हणू नका. तो चालू गाडीत तुटला तर इंजिनच उघडावं लागतं. महागडी परदेशी गाडी आज स्विफ्टच्या भावात मिळते म्हणून भुलू नका. विकत घेताना ती स्वस्त असते, दुरुस्तीच्या वेळी तिला तिची मूळ किंमत आठवते.

आता माझी फजिती. इटिऑस घेण्याआधी मी दुसरी एक गाडी जवळजवळ घेतलीच होती. विकणारा ओळखीचा. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेरच बोलणं झालं. "सर, तुम्ही आपले माणूस, तुम्हाला काय फसवणार?" गाडी चकचकीत, भाव कमी. मी बयाणा द्यायला निघालो, तेव्हा मिस्त्री म्हणाला, "थांबा, सीटबेल्ट ओढतो." त्याने पट्टा शेवटपर्यंत बाहेर काढला. एरवी आत गुंडाळून राहणाऱ्या शेवटच्या वीतभर भागावर वाळलेल्या चिखलाची रेघ होती. मग त्याने स्टेपनीचा खड्डा उघडला, सीटखालचे बोल्ट दाखवले. गाळ आणि गंज. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यात ही गाडी बुडाली होती. विकणाऱ्याला हे ठाऊक होतं.

मला राग पैशांचा आला नाही, पैसे तर गेलेच नव्हते. राग 'आपला माणूस' या शब्दाचा आला. माल विकताना त्यातला ऐब गिऱ्हाइकाला सांगावा, हे आपण मदरशात लहानपणीच शिकतो. नमाजच्या सफीत खांद्याला खांदा लावून उभं राहणं सोपं आहे, "भाई, ही गाडी पुरात होती" एवढं वाक्य बोलणं अवघड. आणि घेणाऱ्याचंही चुकतं. ओळखीच्या माणसाची गाडी तपासायला आपल्याला लाज वाटते. तपासणं म्हणजे अविश्वास नव्हे. खऱ्या माणसाला त्याचा त्रास होत नाही.

म्हणून तपासा. गाडी बघायला सकाळी जा आणि आधी बॉनेटला हात लावा. ते गरम असेल तर इंजिन तुमच्या आधी कुणीतरी चालू करून ठेवलंय. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला सुरू झालं पाहिजे. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढा. भकाभका धूर आला तर इंजिन थकलेलं समजा. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. मग परशुराम घाट चढवून बघा. मीटरवर साठ हजार आणि पेडलचं रबर गुळगुळीत, असं असेल तर मीटर मागे केलेला आहे. आरसीवर कितवा मालक, बँकेचा बोजा उतरला का, चलान किती बाकी, हे बघा. दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, म्हणून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येऊ लागल्या. त्यांची एनओसी आणि इथला रोड टॅक्स यांचा हिशेब आधी करा. पंधरा वर्षं पूर्ण होत आलेली गाडी असेल तर पुन्हा पासिंग आणि पर्यावरण कर तुमच्या माथी येणार.

लोक म्हणतात, सर, नवी घ्यायची, हप्त्यावर मिळते. मिळते. पण व्याजापासून दूर राहायचं असं आपण म्हणतो आणि मुलाच्या लग्नाआधी दारात नवी गाडी दिसावी म्हणून सात वर्षांचे हप्ते बांधून घेतो. जुनी गाडी रोखीने घेणारा माणूस रात्री निवांत झोपतो. फक्त एक जबाबदारी त्याच्यावर राहते. काळा धूर सोडत शाळेच्या फाटकात शिरणारी गाडी मुलांच्या छातीत जाते. पीयूसीचा कागद कसाबसा मिळवण्यापेक्षा एअर फिल्टर आणि इंजेक्टर वेळेवर साफ करणं स्वस्त पडतं.

माझी इटिऑसही एक दिवस विकावी लागेल. तिचं मागचं डावं दार एकदा ठोकून सरळ केलेलं आहे आणि पावसाळ्यात एसी कुबट वास मारतो. घेणाऱ्याने विचारो न विचारो, हे मी सांगेन. भाव थोडा कमी येईल. येऊ दे.