ई-मुलाकातीची तयारी कुणी करायची?

कारागृहातल्या माणसाशी घरबसल्या व्हिडिओवरून बोलता येते, हे कोरोनाकाळात अनेक कुटुंबांना पहिल्यांदा कळले. 2020 मध्ये प्रत्यक्ष भेटी बंद झाल्या आणि ई-मुलाकात हा एक मार्ग उरला. सोय पुढेही टिकली, हे चांगलेच झाले. सिरोंच्याच्या कुटुंबाचा माणूस नागपूर मध्यवर्ती कारागृहात असेल, तर एका भेटीसाठी तीनशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास आणि किमान दोन दिवसांची मजुरी जाते. पण संकेतस्थळ सुरू केले की शासनाचे काम संपले, असे मानले गेले आणि उरलेली सारी तयारी घरच्यांवर पडली. गुन्हा सिद्ध झालेला असो वा नसो, घरच्यांनी तर काहीच केलेले नसते. ही तयारी करून देणे हे कारागृह आणि विधी सेवा यंत्रणेचेच काम आहे.

ही तयारी वाटते तितकी साधी नाही. आधी ऑनलाइन अर्ज, त्यात भेटणाऱ्याचे ओळखपत्र, मोबाइलवर येणारा ओटीपी. कैद्याचे नाव, वडिलांचे नाव, वय कारागृहाच्या नोंदीशी जुळायला हवे. मग मंजुरीची वाट पाहायची, लिंक सांभाळायची आणि नेमक्या वेळी नेटवर्क मिळवायचे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीनुसार देशातल्या कैद्यांपैकी निम्म्याहून अधिक जण दहावीपर्यंतही शिकलेले नाहीत. त्यांच्या घरी असा अर्ज कोण भरणार? शेजारच्या मुलाला सांगायचे, तर घरचा माणूस आत आहे हे गावभर होते. त्याहून अवघड तयारी असते बोलण्याची. मिनिटे मोजकी, आणि शेजारी कर्मचारी असू शकतो. खटल्यातला साक्षीपुरावा अशा वेळी बोलू नये, तो वकिलामार्फतच न्यावा, हे कुणी सांगतच नाही. जामीनदार कोण राहणार, कागद कुठले लागतील, औषध मिळते का, हे आधी लिहून ठेवले नाही तर वेळ रडण्यात आणि ‘ऐकू येतंय का’ विचारण्यात जातो. रडूही नये असे नव्हे. पण जामीनदाराचा विषय मग पुढच्या भेटीवर जातो.

तुरुंगात सवलती कशाला, हा नेहमीचा आक्षेप. 2022 अखेर देशातल्या 5 लाख 73 हजार कैद्यांपैकी सुमारे 76 टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांचा दोष अजून ठरायचा होता. कुटुंबीयांना भेटणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फ्रान्सिस कोरॅली मुलीन प्रकरणात 1981 मध्येच सांगितले. अमेरिकेत मिनेसोटाच्या सुधारगृह खात्याने सोळा हजारांवर सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांना भेटायला माणसे येत होती, त्यांना पुन्हा गंभीर गुन्ह्यात शिक्षा होण्याचे प्रमाण 13 टक्क्यांनी कमी आढळले. सुरक्षेची शंका मात्र रास्त आहे, टोळ्या निरोप धाडतात. पण नोंदलेली, ओळख तपासलेली आणि नजरेखालची व्हिडिओ भेट ही चोरून आत नेलेल्या मोबाइलपेक्षा केव्हाही बरी.

मला खरी भीती वाटते ती निराळीच. सोय चालू लागली की प्रत्यक्ष भेटी कमी करण्याचा मोह होतो. अमेरिकेतल्या अनेक स्थानिक तुरुंगांनी खासगी कंपन्यांची व्हिडिओ सेवा घेतली आणि समोरासमोरच्या भेटी बंदच केल्या. पडद्यावर बोलण्याचे पैसे कुटुंबांनी मोजले. आपल्याकडे ई-मुलाकात ही जादाचीच भेट राहील, असे नियमात स्पष्ट लिहायला हवे.

बाकी लागते ते फार नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांकडे स्वयंसेवक आहेत, गावोगावी आपले सरकार सेवा केंद्रे आहेत. कैदी दाखल होतो त्याच दिवशी घरच्यांना अर्ज कसा करायचा आणि काय बोलू नये याचा मराठीतला, गरज असेल तिथे गोंडी वा पावरीतला, एक कागद मिळावा. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना तालुका न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा कार्यालयात दार लावून बोलता यावे. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावे, आणि नेटवर्क तुटले तर ती भेट झाली असे धरू नये.