विकत घेतलेला पहारा

चंदनसारसारख्या भागात सकाळच्या लोकलने नोकरदार मुंबईकडे गेले की, दिवसभर इमारत राखतात चौकीदार आणि शेजारी. त्यांच्या जोडीला आता कॅमेरे आले आहेत. त्यांचे आम्ही स्वागतच करतो. परंतु गृहनिर्माण संस्था ते ज्या रीतीने विकत घेतात, ती मात्र चिंता वाटावी अशी आहे. चोरी झाली की घाईने सभा भरते, दरपत्रके मागविली जातात आणि सर्वांत स्वस्त ते मंजूर होते. हे वरातीमागून घोडे होय.

कोणता कॅमेरा घ्यावा, हा प्रश्न दुसरा. त्यात काय दिसावयास हवे, हा पहिला. फाटकातून येणाऱ्याचा चेहरा ओळखावयाचा असेल, तर गच्चीवरून सगळे आवार टिपणारा कॅमेरा निरुपयोगी. त्यात दिसतात ती केवळ डोकी. तीच गोष्ट साठवणीची. सेकंदास २ मेगाबिट या हिशेबाने एक कॅमेरा दिवसाकाठी २१.६ गिगाबाइट जागा व्यापतो. आठ कॅमेऱ्यांचे महिन्याचे चित्रण ठेवण्यास ५ टेराबाइटहून अधिक जागा हवी. १ टेराबाइटची हार्ड डिस्क सहाव्या दिवशीच जुने पुसू लागते. गावाहून दहा दिवसांनी परतलेल्या कुटुंबास कुलूप तुटलेले आढळले, तर आडातच नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? वीज गेल्यावर यंत्रणा किती वेळ चालेल, हेही आधीच विचारलेले बरे.

चित्रण हाती आले तरी ते पुरावा ठरतेच असे नाही. जालना मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतले गेले काय, हा वाद निवडणूक कार्यालयातील चित्रणावर उभा होता. अशा चित्रणाच्या प्रतीस कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने त्यात २०२० साली दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही अट कायम आहे.

सर्वांत नाजूक प्रश्न पासवर्ड कोणाच्या हाती असावा, हा. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले. चोरासाठी बसविलेला कॅमेरा घरकाम करणाऱ्या बाईंवर वा रात्री उशिरा परतणाऱ्या तरुणीवर पाळत ठेवू लागला, तर त्यास सुरक्षितता म्हणता येणार नाही.

म्हणून आमचे सांगणे इतकेच : कॅमेऱ्यांच्या जागा, चित्रण ठेवण्याची मुदत, ते पाहण्याचा अधिकार आणि पाहिल्याची नोंद, या चार गोष्टींचा ठराव सर्वसाधारण सभेने आधी करावा, दरपत्रके त्यानंतर उघडावीत. यंत्र पाहते, जबाबदारी माणसांनाच घ्यावी लागते.