संगणकाचे बिऱ्हाड हलवताना

सकाळी संगणकाचे बटण दाबून चहाचे आधण ठेवावे. चहा उकळून, गाळून, पिऊन झाला तरी पडद्यावरचे गोल चक्र फिरतच असते. सात-आठ वर्षे जुना संगणक असलेल्या कितीतरी घरांत हा रोजचा अनुभव आहे. ‘आता नवाच घेऊन टाकू,’ असे घरात कोणीतरी म्हणते आणि दुकानदारही लगेच मान डोलावतो. पण थकलेला असतो तो पुष्कळदा सगळा संगणक नव्हे, तर त्याच्या पोटातली हार्ड डिस्क.

हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरणाऱ्या चकत्या असतात. हवी ती माहिती गाठायला वाचणाऱ्या टोकाला दर वेळी दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात. ही वेळ क्षुल्लक वाटते. पण विंडोज सुरू होताना हजारो लहान-लहान फायली वाचल्या जातात आणि थेंबाथेंबाने तळे साचते. एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये फिरणारा भागच नसतो. तिथे हेच काम साधारण एक दशांश मिलिसेकंदात होते. म्हणूनच डिस्क बदलताच जुना संगणक तरतरीत होतो.

खरा प्रश्न पुढे आहे. नवी डिस्क कोरी असते. तिच्यावर विंडोज पुन्हा घालायची, तर जुना संसार मोडून नव्याने मांडावा लागतो. हिशेबाचा प्रोग्रॅम, छपाईयंत्राची जोडणी, मराठी फॉन्ट, साठवलेले पासवर्ड सगळे पुन्हा जमवायचे. त्यातल्या एखाद्या प्रोग्रॅमची सीडी कधीच हरवलेली असते. यावर उपाय आहे तो आहे तसे बिऱ्हाड उचलून नव्या जागी नेण्याचा. त्याला ‘क्लोनिंग’ म्हणतात.

नुसती नक्कल का चालत नाही?

‘सी ड्राइव्हमधले सगळे कॉपी करून नव्या डिस्कवर टाकले की झाले,’ असे अनेकांना वाटते. तसे केल्यास फोटो आणि पत्रे जातील, पण संगणक त्या डिस्कवरून सुरू होणार नाही. कारण डिस्कवर काही लहान, लपलेले कप्पे असतात. विंडोज कुठे आहे आणि ती कशी उठवायची, याची माहिती त्यांत असते. शिवाय विंडोज चालू असताना तिच्या कित्येक फायलींना कुलूप असते. क्लोनिंगचा प्रोग्रॅम हे लपलेले कप्पेसुद्धा जसेच्या तसे उतरवून घेतो. डिस्क बनवणाऱ्या अनेक कंपन्या आपल्या ग्राहकांना असा प्रोग्रॅम मोफत देतात. ‘क्लोनझिला’ हा प्रोग्रॅमही विनामूल्य आहे, मात्र नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असली की तो साधारणपणे अडून बसतो.

आधीची तयारी

घर हलवण्याआधी जशी अडगळ काढतात, तशी इथेही काढावी. जुन्या डिस्कवर प्रत्यक्ष किती जागा व्यापली आहे ते पाहावे. डिस्क १ टीबीची असली, पण त्यातली १८० जीबीच भरली असली, तर ५०० जीबीची एसएसडी पुरते. लॅपटॉपमध्ये कोणत्या आकाराची डिस्क बसते, हे खरेदीपूर्वी तपासावे. च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी वेगवान एनव्हीएमई डिस्क बऱ्याच जुन्या संगणकांत चालत नाही. त्यांना अडीच इंची साटा एसएसडीच लागते.

अनेक नव्या संगणकांवरची माहिती बिटलॉकरने कुलूपबंद असते. तसे असल्यास ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्यावी आणि क्लोनिंगपूर्वी बिटलॉकर बंद करावे. ही किल्ली हरवली, तर मालकालाही स्वतःच्या घरात शिरता येत नाही.

घात होतो तो इथे!

नवी डिस्क यूएसबी-साटा केबलने जोडली की प्रोग्रॅम दोनच गोष्टी विचारतो : मूळ डिस्क कोणती आणि लक्ष्य डिस्क कोणती? लक्ष्य डिस्कवरचे सगळे पुसले जाते. इथे अदलाबदल झाली, तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि मुलांचे बालपणीचे फोटो, वडिलांचा आवाज, दहा वर्षांचे हिशेब मिनिटांत नाहीसे होतात. म्हणून डिस्कचे नाव आणि आकार एका चिठ्ठीवर लिहून ठेवावेत, पडद्याशी ताडून पाहावेत आणि मगच बटण दाबावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, फोटो व कागदपत्रे आधीच एका तिसऱ्या जागी, बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर, काढून ठेवावीत. हा अर्धा-पाऊण तास वाचवण्याच्या मोहात कोणी पडू नये.

जुन्या डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा फायली उघडताना चुका होत असतील, तर ती आजारी आहे असे समजावे. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा मोफत प्रोग्रॅम डिस्कची प्रकृती सांगतो. अशा डिस्कवर वारंवार प्रयोग करू नयेत. अत्यावश्यक फायली आधी वाचवाव्यात आणि संगणक बंद करून जाणकाराकडे न्यावा.

पहिली सुरुवात

नक्कल पूर्ण झाली की संगणक बंद करून जुनी डिस्क काढावी, नवी बसवावी आणि प्रथम एकट्या नवीवरच संगणक सुरू करावा. दोन्ही डिस्कची अंतर्गत ओळखखूण सारखीच असल्याने दोन्ही एकदम जोडल्यास गोंधळ उडू शकतो. संगणक सुरू झाला नाही, तर घाबरू नये. बहुतेकदा बायोसमध्ये नवी डिस्क पहिल्या क्रमांकावर आणावी लागते. विंडोजचा परवाना मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेला असतो, त्यामुळे केवळ डिस्क बदलल्याने तो सहसा जात नाही.

एक गोष्ट मात्र या बदलाने साधत नाही. विंडोज १० चे नियमित मोफत पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. डिस्क नवी झाली, तरी त्यावरची विंडोज जुनीच राहते. तिची सोय वेगळी पाहावी लागते.

दुकानात देताना

हे काम दुकानातून करून घ्यायचे असल्यास ‘फॉर्मॅट करू नका, क्लोन करा’ असे आधीच स्पष्ट सांगावे. पावतीवर तसे लिहून घेतल्यास उत्तम. जुनी डिस्क न विसरता परत मागावी. तिच्यावर बँकेचे कागद, ओळखपत्रांच्या प्रती, घरातले फोटो, सगळे तसेच असते. ती दुकानात सोडणे म्हणजे कपाटाची किल्ली परक्याच्या हाती देणे होय.

घरी आल्यावर जुनी डिस्क निदान महिनाभर तशीच ठेवावी. एखादी फाइल राहून गेली, तर ती तिथे सापडेल. सगळे ठीक आहे अशी खात्री झाल्यावर ती बाहेरच्या डबीत घालून फोटोंची जादा प्रत ठेवायला वापरता येते. मात्र एकुलती एक प्रत तिच्या भरवशावर ठेवू नये आणि नव्या एसएसडीच्याही नाही; डिस्क कोणतीही असो, ती एक दिवस बिघडणारच.