गीझरची दुरुस्ती: आधी मोजणी, मग सुटे भाग

भिंतीवर टांगलेल्या स्टोरेज गीझरमध्ये बिघडण्यासारखे भाग मोजकेच असतात. पाणी तापवणारे एलिमेंट, तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट, तो चुकला तर वीज तोडणारा थर्मल कटआऊट, टाकीचा गंज स्वतःवर घेणारा ॲनोड रॉड, सेफ्टी व्हॉल्व्ह, फ्लँजखालचे गॅस्केट आणि स्वतः टाकी. टाकी सोडली तर बाकीचे सगळे बाजारात सुटे मिळते आणि नव्या गीझरच्या मानाने स्वस्त असते. तरीही थंडी सुरू झाली की दुरुस्त होण्याजोगे कितीतरी गीझर भंगारात जातात, आणि कितीतरी घरांत एलिमेंट, थर्मोस्टॅट दोन्ही बदलूनही तक्रार जागच्या जागी राहते. ग्राहकाचे पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा मोजणी न करता भाग बदलल्यामुळे. एक मल्टिमीटर, एक मेगर आणि हातातले घड्याळ एवढ्या साधनांवर जवळजवळ प्रत्येक बिघाड ओळखता येतो.

कव्हर उघडण्याआधी वॉरंटी कार्ड पाहावे. टाकीवरची वॉरंटी सहसा इतर भागांपेक्षा जास्त वर्षांची असते, आणि बाहेरच्या माणसाने उघडलेला गीझर कंपनी नाकारू शकते. त्यानंतर एमसीबी बंद करून, टर्मिनलवर वीज नसल्याची खात्री करूनच हात घालावा.

सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार ‘पाणी नीट तापत नाही’ ही. तिचा पहिला तपास घड्याळाने करायचा. 25 लिटर पाणी 20 अंशांवरून 55 अंशांपर्यंत न्यायला साधारण एक युनिट वीज लागते; 2000 वॉटच्या एलिमेंटला त्यासाठी अर्धा तास पुरतो. 15 लिटरच्या टाकीला सुमारे 18 मिनिटे. पाणी एवढ्या वेळात तापत असेल तर गीझर आपले काम करतो आहे आणि दोष पुढे नळाकडे शोधायचा. जास्त वेळ लागत असेल तर आधी व्होल्टेज पाहावे, आणि तेही गीझर चालू असताना. एलिमेंटची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. 230 ऐवजी 180 व्होल्ट मिळाले तर 2000 वॉटचे एलिमेंट जेमतेम सव्वाबाराशे वॉट देते आणि अर्ध्या तासाचे काम 50 मिनिटांवर जाते. गावाकडे, लाइनच्या शेवटच्या घरांत ही स्थिती नेहमीची आहे. तिथे एलिमेंट बदलून काहीच साधत नाही.

व्होल्टेज ठीक असेल तर एलिमेंटच्या दोन्ही वायर सोडवून रेझिस्टन्स मोजावा. 2000 वॉटसाठी तो 26 ओहमच्या आसपास, 3000 वॉटसाठी 17 ते 18 ओहम येतो. आकडा बरोबर आला तर एलिमेंट शाबूत आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली आहे. ‘एलिमेंट वीक झालंय’ असे ग्राहकाला सर्रास सांगितले जाते. ओहममध्ये न दिसणारा असा कमकुवतपणा एलिमेंटला येत नाही. क्षाराचा थर चढल्याने पाणी तापायला फार वेळ लागतो, हीही अशीच रूढ समजूत आहे. थर असो वा नसो, एलिमेंटमध्ये निर्माण झालेली उष्णता शेवटी पाण्यातच जाते. थराचे खरे नुकसान वेगळे आहे. उष्णता बाहेर पडायला अडथळा झाल्याने एलिमेंटचे आवरण स्वतः जास्त तापते आणि तडकते, आणि थर्मोस्टॅटची कांडी थराखाली गाडली गेली की तिला पाण्याचे खरे तापमान कळत नाही.

एलिमेंट चांगले, वेळही बरोबर, तरी बादलीत कोमट पाणी, अशा वेळी दोष नळजोडणीत असतो. हा भाग प्लंबरचा म्हणून मेकॅनिक सोडून देतो आणि विजेचा असेल म्हणून प्लंबर हात लावत नाही. दोघांच्या मध्ये ग्राहक नवा गीझर घेतो. उभ्या गीझरला दोन्ही जोड खालूनच असतात. निळ्या खुणेचा इनलेट थंड पाणी तळाशी सोडतो, लाल खुणेच्या आउटलेटची नळी आत टाकीच्या माथ्यापर्यंत जाते आणि वरचे गरम पाणी खाली आणते. हे जोड उलटे लावले गेले तर थंड पाणी वर पडते, बाहेर तळाचे पाणी येते आणि चांगला गीझर कायम कोमट पाणी देत राहतो. आउटलेटची नळी गंजून मध्येच तुटली तरी लक्षणे जवळपास तशीच दिसतात.

तिसरे कारण मिक्सरचे. वॉल मिक्सरचे कार्ट्रिज झिजले, की थंड लाइनमधले पाणी आतल्या आत गरम लाइनमध्ये शिरते. मिक्सर उघडा ठेवून पुढचा हँड शॉवर तेवढा बंद केला असेल तरी हेच होते. याची परीक्षा फुकट आहे: गीझरचा इनलेट कॉक पूर्ण बंद करायचा आणि बाथरूममधला फक्त गरम नळ उघडायचा. थोड्या वेळात धार थांबली पाहिजे. ती वाहतच राहिली तर थंड पाणी दुसऱ्या वाटेने येते आहे. कार्ट्रिज बदलून किंवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून प्रश्न सुटतो. गीझर उघडावाही लागत नाही.

पाणी अजिबात तापत नसेल तर तपास सॉकेटपासून आत सरकत जातो. 2000 वॉटचा गीझर जवळपास 9 अँपिअर घेतो, त्यामुळे ढिल्या पिनचा सॉकेट आणि सैल टर्मिनल आधी जळतात. पुढे कटआऊट. तो उडालेला असेल तर बटण दाबून गीझर चालू होतो, पण तेवढ्यावर निघून जाणे चूक. कटआऊट उडण्यामागे काही कारण असते: थर्मोस्टॅटचे कॉन्टॅक्ट चिकटलेले, कांडीवर क्षार, किंवा टाकी रिकामी असताना गीझर चालू केलेला. ते कारण शोधायचे सोडून कटआऊटला वायरचा तुकडा जोडून बायपास करणे हा गुन्हा मानला पाहिजे. चिकटलेला थर्मोस्टॅट आणि बायपास केलेला कटआऊट एकत्र आले की पाण्याला उकळण्यापासून थांबवणारे काहीच उरत नाही.

ट्रिपिंग आणि शॉक यांचे निदान मल्टिमीटरवर होत नाही, कारण तो काही थोड्या व्होल्टवर मोजतो. एलिमेंटच्या दोन्ही वायर काढून, टर्मिनल आणि आवरण यांच्यामध्ये 500 व्होल्टचा मेगर लावावा. एक मेगओहमपेक्षा कमी वाचन आले तर एलिमेंट संशयित. आवरणाच्या आत मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी भरलेली असते आणि ती ओल पटकन शोषते. पावसाळाभर बंद राहिलेल्या गीझरचे एलिमेंट केवळ या ओलीमुळे कमी वाचन दाखवते. बाहेर काढून मंद आचेवर पुरते वाळवले आणि वाचन वर चढून टिकले, तर ते परत बसवता येते. वाचन चढले नाही, किंवा आवरणावर चीर दिसली, तर एलिमेंट बदलण्यावाचून पर्याय नाही.

गीझरचा स्विच बंद असतानाही आरसीसीबी पडतो, ही तक्रार अनेकांना चक्रावते. सिंगल पोल स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. आवरण न्यूट्रलच्या टोकाजवळ फुटले असेल तर न्यूट्रल आणि अर्थ तिथे जुळतात. घरात इस्त्री किंवा मिक्सर लावताच न्यूट्रलमधला थोडा करंट त्या वाटेने अर्थकडे वळतो आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी तो फरक टिपतो. प्लग काढल्यावर ट्रिपिंग थांबले तर दोष गीझरचाच. अशा वेळी अर्थिंगची वायर कापून ट्रिपिंग ‘दुरुस्त’ करणारे लोक आहेत. ओल्या अंगाने नळाला हात लावणाऱ्या माणसाचा जीव त्या एका वायरवर अवलंबून असतो. दुरुस्ती स्वस्त करण्याच्या कोणत्याही वाटेवर अर्थिंग, कटआऊट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांना हात लावायचा नाही.

गळती कुठून होते ते कोरड्या फडक्याने पुसून, टॉर्च लावून पाहावे. फ्लँजभोवती थेंब असतील तर गॅस्केट बदलले की काम होते. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब येत असतील तर बहुधा काहीच बिघडलेले नाही. 25 लिटर पाणी 60 अंशांपर्यंत तापले की सुमारे 350 मिलिलिटरने फुगते, आणि इनलेटला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असल्यास ते पाणी याच वाटेने बाहेर पडते. हा व्हॉल्व्ह सतत गळत असेल तर दाब तपासावा. दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब चढतो. पंचवीस मजली टॉवरच्या खालच्या मजल्यांवर तो 8 बारच्या मर्यादेजवळ पोचतो. तिथे प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह हाच उपाय. गळतो म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हला डमी प्लग मारला की गीझरचा बॉम्ब होतो. ग्लास लाइनिंगची टाकीच गळत असेल तर दुरुस्तीचा विचार सोडावा. वेल्डिंगने आतले काचेचे अस्तर तडकते आणि गंज आणखी वेगाने लागतो. अशा गीझरमधला शाबूत थर्मोस्टॅटही जुना समजावा आणि ग्राहकाला नवा गीझर घ्यायला स्पष्ट सांगावे.

टाकी तिथवर जाऊ नये यासाठी ॲनोड रॉड असतो, आणि सर्व्हिसिंगमध्ये सर्वांत दुर्लक्षित भागही तोच. टाकीच्या पोलादाऐवजी मॅग्नेशियमचा हा रॉड झिजतो. मूळ जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आला किंवा मधली तार उघडी पडली की बदलायचा. मुंबईत तानसा-वैतरणाच्या पाण्यावर क्षाराचा त्रास कमी. महाराष्ट्राच्या बेसाल्ट पट्ट्यात बोअर किंवा टँकरचे पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत तो पुष्कळ. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत मुभा आहे. बोअरच्या पाण्यात 200 चा आकडा सहज ओलांडला जातो. अशा ठिकाणी रॉड आणि थर दोन्ही दरवर्षी पाहावेत.

क्षार काढायला सायट्रिक ॲसिडचे कोमट द्रावण पुरते. त्यात एलिमेंट बुडवून ठेवले की थर सुटतो. फरशी धुण्याचे ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. ते थर झटपट खाते, पण सोबत आवरण आणि टाकीचा उघडा पडलेला धातूही खाते, म्हणून ते वापरू नये. पाणी 60 अंशांच्या वर जाऊ लागले की थर जास्त वेगाने साचतो, त्यामुळे थर्मोस्टॅट 55 ते 60 अंशांवर ठेवावा. फार खाली आणणेही बरे नाही; कोमट साठलेल्या पाण्यात लेजिओनेला जंतू वाढतात.

जोडणी झाल्यावर आधी टाकी भरायची. गरम नळातून सलग धार आल्याशिवाय वीज चालू करायची नाही, कारण कोरडे एलिमेंट फार थोड्या वेळात जळते. मग पुन्हा घड्याळ लावून पाणी किती वेळात तापते ते पाहायचे, थर्मोस्टॅट स्वतः वीज तोडतो याची खात्री करायची आणि आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून तो पडतो का ते बघायचे. शेवटी तारीख, एलिमेंटचे ओहम, मेगरचे वाचन आणि ॲनोडची स्थिती कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने लिहावी. पुढच्या खेपेला येणाऱ्या मेकॅनिकला, तो कोणीही असो, मागचे आकडे समोर मिळतात आणि काय बदलले आहे ते लगेच कळते.