डोक्यावरचा भार
लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्सने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पायाशी जाड, चौकोनी पट्ट्या असलेला रोमन टाइप आणला. भित्तिपत्रकांवर तो शोभला. देवनागरीचा भार मात्र पायात नाही, शिरोरेषेत. अक्षर जाड केलं की 'क्ष', 'श्री' यांची पोटं बुजतात. परवा पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर एका दुकानाची नवी पाटी पाहिली: 'साड्या'मधला 'ड्या' म्हणजे नुसता काळा गोळा! शेजारच्या जुन्या, हाताने रंगवलेल्या पाटीवर तोच 'ड्या' रस्त्यापलीकडूनही वाचता येत होता, कारण रंगाऱ्याने गाठीपाशी कुंचला आवरला होता. ज्या शहरात १८८१ साली 'केसरी' निघाला आणि खुद्द टिळकांनी देवनागरीचे छपाईचे खिळे कमी करण्यासाठी खटपट केली, तिथे अक्षराच्या पोटातल्या पांढऱ्या जागेची एवढी हेळसांड मला सोसत नाही.